तबकडीच्या पुढे दोन मीटर

समजा, तुमच्यापासून ३० मीटरवरून एक तबकडी डावीकडून उजवीकडे चालली आहे. तिचा वेग सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. शॉटगनच्या नळीतून छर्रे बाहेर पडतात तेव्हा त्यांचा वेग सेकंदाला ४०० मीटरच्या आसपास असतो. पण छर्रे बारीक असल्यामुळे हवा त्यांना लगेच मंदावते. या ३० मीटरच्या प्रवासात त्यांचा सरासरी वेग ३०० मीटर धरला, तर तबकडीपर्यंत पोचायला त्यांना सेकंदाचा दहावा भाग लागतो. तेवढ्यात तबकडी २ मीटर पुढे सरकलेली असते. जिथे ती दिसली तिथेच नेम धरून चाप ओढला, तर छर्रे तिच्या मागच्या मोकळ्या हवेतून निघून जातात.

शॉटगनची सगळी विद्या या दोन मीटरांत आहे. रायफल आणि पिस्तुलाचा खेळ महाराष्ट्राच्या चांगल्या ओळखीचा आहे. अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत ही नावं घराघरांत पोचली आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक आणलं. त्या खेळात लक्ष्य जागेवर असतं. शरीर स्थिर ठेवायचं, श्वास आवरायचा आणि चाप इतक्या हळुवार दाबायचा की नळीला त्याची जाणीवही होऊ नये. शॉटगनमध्ये यातलं जवळजवळ काहीच चालत नाही. लक्ष्य पळतं, शरीर वळतं, नळी फिरत राहते आणि फिरत असतानाच चाप ओढावा लागतो. म्हणून ही विद्या हाताच्या स्थिरतेपेक्षा नजरेवर जास्त अवलंबून असते. ती नजर कुठून आली आणि आज मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्यानं ती कशी कमवायची, हे समजून घेण्यासारखं आहे.

साष्टीतली बंदूक

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत आज सलग वस्ती आहे. शंभर वर्षांपूर्वी हे साष्टी बेट गावठाणं, भातखाचरं, खाजणं आणि टेकड्यांवरचं रान यांनी भरलेलं होतं. मुंबई शहराची तहान भागवण्यासाठी १८६० मध्ये विहार, १८७९ मध्ये तुळशी आणि त्यानंतर पवई असे तलाव झाले. हिवाळ्यात या पाण्यावर स्थलांतरित बदकं उतरत. भात कापून झालं की ओलसर खाचरांत पाणलावे येत. शहरातल्या हौशी शिकाऱ्यांना हे सगळं हाताशी होतं. उडता पक्षी पाडण्याचं कसब तेव्हा इथल्या शेतांत आणि तलावांच्या काठी शिकलं जाई.

त्या काळात बंदूक आणि पक्षिशास्त्र यांचं नातंही जवळचं होतं. सलीम अलींची गोष्ट प्रसिद्ध आहे. मुंबईत खेतवाडीत वाढलेल्या या मुलानं एअरगननं एक रानचिमणी पाडली. तिच्या गळ्यावरचा पिवळा डाग पाहून तो बुचकळ्यात पडला. त्याचे मामा अमिरुद्दीन तय्यबजी स्वतः शिकारी होते. त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठवलं आणि तिथून एका पक्षितज्ज्ञाचं आयुष्य सुरू झालं. पुढे सलीम अली आणि हुमायून अब्दुलअली यांनी मिळून मुंबई आणि साष्टीच्या पक्ष्यांवर लेखमाला लिहिली. ती सोसायटीच्या नियतकालिकात १९३६ पासून क्रमशः आली. आजच्या उपनगरांत तेव्हा कोणते पक्षी होते, हे सांगणारा तो मोलाचा दस्तऐवज आहे.

अब्दुलअली स्वतः पट्टीचे शिकारी होते. १९५१ च्या मुंबई वन्य प्राणी आणि वन्य पक्षी संरक्षण कायद्याचा मसुदा करण्यात त्यांचाच पुढाकार होता. यात मला विसंगती दिसत नाही. पक्षी कुठून उठतो, कोणत्या दिशेला वळतो, कोणत्या महिन्यात येतो आणि कधी कमी दिसू लागतो, हे सर्वांत आधी त्याला कळलं ज्यानं वर्षानुवर्षं त्याच पक्ष्यांवर नजर रोखली होती. देशात दुसऱ्या टोकाची शिकारही चालू होतीच. भरतपूरला १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारपार्टीनं एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले. तो आकडा आजही तिथल्या दगडावर कोरलेला आहे. नेमबाजी म्हणून तो दिवस मोठा असेल, पण पाणपक्ष्यांना असे दिवस परवडणारे नव्हते.

कायदा काय सांगतो

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला काही प्राणी-पक्ष्यांसाठी शिकारीचे परवाने मिळत असत. १९९१ च्या दुरुस्तीनं हौशी शिकारीचा तो मार्ग बंद झाला. भारतात आज हौसेसाठी तित्तिर, लावा, बदक किंवा हरियाल मारता येत नाही. कायद्यातली शिकारीची व्याख्या व्यापक आहे. पक्षी मारणं, पकडणं, फासे लावणं तर तिच्यात येतंच, पण तसा प्रयत्न करणं आणि अंडी किंवा घरटी नष्ट करणं हेही येतं. हत्यार कोणतं, यानं फरक पडत नाही. सोसायटीच्या गच्चीवरून एअरगननं किंवा गलोलीनं पक्षी टिपणारा मुलगाही याच कायद्याच्या कक्षेत येतो. हे त्याच्या आईवडिलांनी त्याला नीट समजावून सांगायला हवं.

एके काळी शिकाऱ्यांचा आवडता असलेला हरियाल आज महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात वड-पिंपळाला फळं आली की त्याचे थवे अजूनही दिसतात. परदेशात स्थायिक झालेल्या मराठी माणसांना तिथल्या परवान्यानं, ठरलेल्या हंगामात पक्ष्यांची शिकार करता येते. तिथेही नियम कडक होत गेले आहेत. शिशाचे छर्रे पाणथळीत पडतात, बदकं ते खडे समजून गिळतात आणि विषबाधेनं मरतात. म्हणून अमेरिकेत बदकांच्या शिकारीत शिशाचे छर्रे १९९१ पासून बंद आहेत. युरोपीय संघानंही २०२३ पासून पाणथळ जागी ते वापरायला बंदी केली. ज्याला तिथे जाऊन हा छंद करायचा आहे, त्यानं आधी क्लेच्या तबकड्यांवर हात बसवलेला असणं हे त्याचं कर्तव्यच आहे. कच्च्या नेमानं पक्षी मरत नाही, जखमी होतो आणि झुडपात तडफडत राहतो.

क्ले तबकडी आणि तिचे दोन खेळ

लक्ष्य म्हणून जिवंत पक्षी सोडण्याची प्रथा युरोपात जुनी होती. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येसुद्धा जिवंत कबुतरांवर नेमबाजी झाली. त्याआधीच काचेचे गोळे हवेत फेकून नेम साधण्याचा पर्याय पुढे आला होता. १८८० मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्की यांनी चपटी, फिरत जाणारी क्ले तबकडी आणली. ती पक्ष्यासारखी तरंगत जाई आणि छर्रे लागताच फुटे. आजची तबकडी चुनखडी आणि डांबरासारख्या पदार्थापासून बनते. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे तिचा व्यास ११० मिलिमीटर आणि वजन सुमारे १०५ ग्रॅम असतं.

ट्रॅप या प्रकारात जमिनीखालच्या खंदकात १५ यंत्रं असतात, पाच नेमबाजांच्या जागांसमोर प्रत्येकी तीन. नेमबाज खंदकापासून १५ मीटर मागे, बंदूक खांद्याला लावून उभा राहतो. तो आवाज देतो आणि माइकवरून आदेश मिळून तबकडी लगेच सुटते. ती डावीकडे जाईल, उजवीकडे जाईल की सरळ, हे त्याला माहीत नसतं. ती त्याच्यापासून दूर पळते आणि अडवली नाही तर सुमारे ७६ मीटरवर जाऊन पडते. झुडपातून फडफडाट करत उठून पाठमोरा पळणारा तित्तिर याच रेषेत जातो.

स्कीटमध्ये आठ जागा असतात, सात अर्धवर्तुळावर आणि आठवी दोन टोकांच्या मधोमध. त्या टोकांना दोन घरं असतात, एक उंच आणि एक बुटकं. दोन्हींतून तबकड्या ठरलेल्या मार्गानं सुटतात. मार्ग माहीत असतो, पण आवाज दिल्यावर तबकडी शून्य ते तीन सेकंदांत कधीही सुटते. तोपर्यंत बंदुकीचा दस्ता कमरेच्या उंचीला, जॅकेटवरच्या खुणेला टेकलेला असावा लागतो. १९२० च्या सुमारास अमेरिकेत शिकाऱ्यांनी हंगाम नसताना सराव करण्यासाठी हा खेळ बनवला. म्हणून त्यात आडव्या उडणाऱ्या पक्ष्याचे सगळे कोन आले आहेत. ट्रॅप असो वा स्कीट, एका फेरीत २५ तबकड्या असतात. मोठ्या स्पर्धांच्या पात्रता फेरीत पुरुष आणि महिला दोघांनाही १२५ तबकड्यांना सामोरं जावं लागतं.

शिकारीतून क्लेकडे आलेल्या भारतीयांत बिकानेरचे महाराजा करणी सिंग यांचं नाव मोठं आहे. ते पाच ऑलिंपिकमध्ये खेळले आणि १९६२ च्या कैरो जागतिक स्पर्धेत त्यांनी ट्रॅपचं रौप्यपदक मिळवलं. २००४ मध्ये अथेन्सला राज्यवर्धनसिंग राठोड यांनी डबल ट्रॅपमध्ये रौप्यपदक जिंकलं. २००६ मध्ये मानवजित सिंग संधू ट्रॅपचे जगज्जेते झाले.

नजर कुठे असावी

नवशिक्याला बहुधा पहिल्याच दिवशी वाटतं की नळीच्या टोकावरची माशी पाहायची आणि ती लक्ष्याशी जुळवायची. रायफलमध्ये ते बरोबर असतं. शॉटगनमध्ये तीच सवय घात करते. डोळा एका वेळी एकाच अंतरावर नीट रोखला जातो. माशी एक मीटरवर असते आणि तबकडी तीस मीटरवर. नजर माशीवर आली की तबकडी पुसट होते, तिचा वेग कळेनासा होतो आणि नळी थबकते.

क्रिकेटमध्ये उंच उडालेला झेल घेणारा क्षेत्ररक्षक आपल्या हातांकडे पाहत नाही. तो चेंडूकडे पाहत धावतो आणि हात आपोआप योग्य जागी येतात. शॉटगनची नळी त्या हातांसारखी वापरायची. नजर सतत तबकडीवर, आणि शक्य तर तिच्या पुढच्या कडेवर. नळी नजरेच्या कोपऱ्यात पुसट दिसत राहते आणि तेवढीच पुरते.

यासाठी दोन्ही डोळे उघडे हवेत, कारण दोन डोळ्यांनीच अंतर आणि वेग नीट उमगतो. मात्र आपला कोणता डोळा बलवान आहे हे आधी तपासा. दोन्ही हात पुढे ताणून पंजांमध्ये एक छोटा त्रिकोण करा आणि त्यातून दूरची एखादी वस्तू पाहा, समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी चालेल. आता एक डोळा मिटा. टाकी जागेवर राहिली तर उघडा डोळा बलवान. ती त्रिकोणाबाहेर सरकली तर मिटलेला डोळा बलवान. उजव्या खांद्यावरून मारणाऱ्याचा डावा डोळा बलवान असेल, तर त्याचा मारा सतत लक्ष्याच्या डावीकडे जातो आणि वर्षभर सराव करूनही कारण सापडत नाही. चष्म्याच्या डाव्या काचेवर नेमक्या जागी धुरकट चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावणं हा सोपा उपाय आहे. अगदी सुरुवात असेल तर डाव्या खांद्यावरून शिकणं जास्त चांगलं.

तबकडी मागवण्याआधी तीन जागा ठरवाव्या लागतात. नळी कुठे धरायची, नजर कुठे ठेवायची आणि तबकडी कुठे फोडायची. नजर नेहमी नळीच्या मागे, यंत्राच्या दिशेला असावी, कारण तबकडी तिथेच पहिल्यांदा झळकते. सुरुवातीला ती फक्त एक रेघ असते. ती रेघ गोल तबकडी होईपर्यंत नळी हलवू नये. रेघेमागे धावणारी नळी नेहमी उशिरा पोचते.

गाल, दस्ता आणि पाय

शॉटगनला मागे दुर्बीण किंवा खाच नसते, म्हणून नेमबाजाचा डोळाच तिची मागची खूण ठरतो. तो डोळा प्रत्येक वेळी एकाच जागी यायला हवा आणि ती जागा गाल ठरवतो. डोळ्यापासून नळीच्या टोकापर्यंत साधारण एक मीटर अंतर असतं. गाल दस्त्यावरून एक सेंटिमीटर जरी उचलला, तरी तीस मीटरवर मारा तीस सेंटिमीटर वर जातो. तबकडी फुटली का हे पाहायला डोकं उचलण्याची सवय म्हणूनच महागात पडते. छर्रे नळीबाहेर पडण्याआधीच डोकं वर आलेलं असतं.

बंदूक खांद्याला लावताना दस्ता आधी गालाला येतो आणि मग खांद्यात बसतो. डोकं खाली झुकवून दस्त्याला भेटायला जाऊ नये. मान ताठ, नजर समोर आणि दस्ता वर. दस्त्याची लांबी आणि खालचा उतार प्रत्येक माणसाला वेगळा लागतो. लांब दस्ता काखेत अडकतो आणि आखूड दस्त्यानं अंगठ्याची गाठ नाकाला बसते. क्लबच्या बंदुकीवर शिकणाऱ्यानं हे प्रशिक्षकाकडून पहिल्याच दिवशी तपासून घ्यावं. आपल्या मापाची नसलेली बंदूक महिनोन्महिने वापरली, तर तिच्या चुका आपल्या सवयी बनतात.

पाय खांद्याइतके किंवा त्याहून थोडे जवळ आणि वजन किंचित पुढच्या पायावर. पुढचा पाय यंत्राकडे नको, तबकडी जिथे फोडायची तिकडे वळलेला हवा. त्या जागेला शरीर सर्वांत मोकळं असायला हवं, कारण तिथेच चाप ओढायचा असतो. मग यंत्राकडे नळी न्यायला कंबरेपासून वळायचं. वळण कंबरेतून आलं की नळी सरळ रेषेत फिरते. फक्त हातांनी ओढली की ती शेवटी खाली झुकते.

आघाडी: तीन पद्धती

सुरुवातीचं गणित पूर्ण आडव्या जाणाऱ्या लक्ष्याचं होतं. तबकडी तुमच्यापासून तिरपी दूर जात असेल, तर तिच्या वेगाचा फक्त आडवा भाग मोजायचा. ३० अंशांच्या कोनात हा भाग निम्मा होतो, म्हणून आघाडीही, म्हणजे नळी लक्ष्याच्या जितकी पुढे ठेवायची ते अंतरही, दोन मीटरऐवजी एकच मीटर लागते. अगदी सरळ दूर जाणाऱ्या लक्ष्याला आडवी आघाडी लागतच नाही, फक्त ते चढत असतं हे ध्यानात ठेवावं लागतं. म्हणून अनुभवी नेमबाज वेगाआधी कोन वाचतो.

आघाडी घेण्याच्या तीन पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत, म्हणजे स्विंग-थ्रूमध्ये, नळी तबकडीच्या मागून निघते, तिच्यापेक्षा जास्त वेगानं तिच्या रेषेवरून जाते आणि तिला ओलांडताना चाप ओढला जातो. दुसरी पुल-अवे. तिच्यात नळी आधी तबकडीशी जुळते, क्षणभर तिच्याबरोबर चालते आणि मग पुढे सुटते. तिसरी मेंटेन्ड लीड. तिच्यात नळी सुरुवातीपासून ठरावीक अंतर पुढे राहते आणि तबकडीच्याच वेगानं चालते. स्कीटमध्ये मार्ग ठरलेले असल्यानं अनेक जण तिसरी पद्धत घेतात. अचानक उठलेल्या पक्ष्यासाठी पहिली पद्धत स्वाभाविक ठरते, कारण तिच्यात पक्ष्याचा वेग नळीच्या चालीतच मोजला जातो. नवशिक्यानं सुरुवातीला एकच पद्धत धरून ठेवावी.

दोन चांगले नेमबाज एकाच तबकडीसाठी वेगवेगळी आघाडी सांगतात, तेव्हा दोघंही खरं बोलत असतात. चाप ओढायचं ठरवल्यापासून छर्रे सुटेपर्यंत नळी फिरतच असते. ज्याची नळी जास्त वेगानं फिरते त्याला कमी आघाडी दिसते आणि ज्याची हळू फिरते त्याला जास्त. त्यामुळे दुसऱ्याची आघाडी आपल्या डोळ्यांत आणून उपयोग नाही. ती आपली आपल्यालाच फोडलेल्या तबकड्यांवरून शिकावी लागते.

सर्वांत सामान्य चूक म्हणजे चाप ओढताना नळी थांबवणं. मेंदूला नेमक्या क्षणी थांबून खात्री करून घ्यायची असते. थांबलेल्या नळीचे छर्रे नेहमी मागे पडतात. त्यावर उपाय आहे फॉलो-थ्रू. चाप ओढल्यावरही नळी त्याच वेगानं पुढे जाऊ द्यावी आणि गाल दस्त्यावरच ठेवावा.

छऱ्यांचा ढग

शॉटगनमध्ये एक गोळी नसून छर्रे असतात, म्हणून नेम चुकला तरी चालतं असं अनेकांना वाटतं. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत काडतुसात २४ ग्रॅमपेक्षा जास्त छर्रे भरता येत नाहीत. ट्रॅपमध्ये वापरल्या जाणाऱ्या साडेसात नंबरच्या छऱ्यांचा व्यास सुमारे २.४ मिलिमीटर असतो आणि २४ ग्रॅममध्ये ते जवळजवळ ३०० बसतात. हे छर्रे जसजसे पुढे जातात तसतसे पसरतात. नळीच्या टोकाला असलेला चोक हा पसरण्याचा वेग ठरवतो. ट्रॅपमध्ये तबकडी दूर फुटते, म्हणून घट्ट चोक लागतो. स्कीटमध्ये ती जवळून जाते, म्हणून मोकळा चोक चालतो.

तीस मीटरच्या आसपास या ढगाचा उपयोगी भाग साधारण पाऊण मीटर रुंद असतो. आघाडी दोन मीटर लागत असेल, तर अर्ध्या मीटरची चूकही तबकडीला सुखरूप सोडते. आपल्या बंदुकीचा ढग नेमका कुठे पडतो हे मोठ्या कोऱ्या कागदावर मारून एकदा पाहून घ्यावं. मधोमध नेम धरूनही छर्रे सतत वर किंवा बाजूला पडत असतील, तर दोष दस्त्याच्या मापात किंवा गालाच्या जागेत शोधावा.

तबकडी कशी फुटली हेही बोलकं असतं. तिचा काळा धूर झाला तर ढगाचा मध्य तिच्यावर होता. नुसता मागच्या कडेचा तुकडा उडाला तर मारा मागे पडत आहे. वरचा कपचा गेला तर मारा वर आहे. नुसते गुण लिहिणारा नेमबाज आपली अर्धी माहिती फेकून देतो. कोणत्या जागेवरून, कोणत्या कोनाची तबकडी कशी फुटली किंवा सुटली, हे वहीत लिहिणारा वर्षभरात कितीतरी पुढे जातो.

उपनगरात सराव

साडेसात नंबरचे छर्रे नेम उंच धरल्यास दोनशे मीटरच्या आसपास जाऊन पडतात. म्हणून क्ले रेंजला समोर त्याहून लांब मोकळी, निर्मनुष्य जागा लागते. अंधेरीत किंवा घाटकोपरला अशी जागा मिळणं शक्य नाही. पंजाब, राजस्थान आणि दिल्लीकडून शॉटगनचे इतके खेळाडू येण्याचं एक मोठं कारण तिथल्या रेंज आहेत. दिल्लीतल्या तुघलकाबादची रेंज करणी सिंग यांच्याच नावानं ओळखली जाते. खर्चही मोठा आहे, कारण प्रत्येक तबकडीमागे किमान एक काडतूस जातं.

तरीही उपनगरातल्या माणसाचे हात बांधलेले नाहीत. नेमबाजीतलं बरंचसं कौशल्य एकही काडतूस न फोडता येतं. क्लबची रिकामी बंदूक प्रशिक्षकासमोर आणि आरशासमोर रोज खांद्याला लावण्याचा सराव करता येतो. डोळे मिटून बंदूक लावायची आणि उघडल्यावर नजर नळीवरच्या पट्टीच्या मध्यावर आहे का ते पाहायचं. आणखी एक जुना सराव आहे. नळीत बसणारा छोटा टॉर्च लावून भिंत आणि छत जिथे मिळतात त्या रेघेवरून प्रकाशाचा ठिपका एका वेगानं फिरवायचा. ठिपका रेघ सोडत असेल तर वळण कंबरेतून येत नाही हे लगेच कळतं. घरी परवान्याची बंदूक असेल, तर प्रत्येक वेळी नळ्या उघडून त्या रिकाम्या आहेत हे आधी तपासायचं, काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवायची आणि नळी कधीही माणसाकडे, खिडकीकडे किंवा दाराकडे वळवायची नाही. साडेतीन-चार किलोची बंदूक दिवसभर पेलायला पाठ आणि खांदे मजबूत लागतात. राष्ट्रीय उद्यानातला सकाळचा चढ त्यासाठी उत्तम आहे.

आणि मग पक्षी आहेतच. बंदुकीशिवाय, फक्त नजरेनं. घाटकोपरच्या गच्चीवरून कबुतरांचा थवा वळतो तेव्हा उजवा हात ताणून तर्जनी एका पक्ष्याच्या चोचीपुढे धरा आणि दोन्ही डोळे त्या पक्ष्यावर ठेवून बोट त्याच्याबरोबर फिरवा. बोटाकडे पाहिलंत की ते थबकतं, हे पाच मिनिटांत समजेल. पवई तलावावर पाकोळ्या झेपावतात आणि उद्यानातल्या तारेवरून वेडा राघू भरारी घेतो, तेव्हा दिशा बदलण्याआधी पंख कसे मिटतात ते पाहा. थंडीत भांडुप उदंचन केंद्राजवळ किंवा ऐरोलीच्या खाडीकाठी बदकं सरळ, वेगानं, पंख अखंड मारत जातात. दूर असल्यामुळे ती हळू वाटतात, पण खरं तर खूप जलद असतात. अनेकांचा मारा मागे पडतो तो याच दृष्टिभ्रमामुळे. पाणलावा उठतो आणि वेडीवाकडी वळणं घेत जातो. त्याला पाहिलं की ट्रॅपची अनपेक्षित तबकडी फारशी भयंकर वाटत नाही. ठाणे खाडीतल्या रोहित पक्ष्यांच्या अधिवासाला २०१५ मध्ये अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. मुंबईच्या नेमबाजाला इतकी समृद्ध शाळा घराजवळ मिळते आणि तिच्यासाठी फक्त एक दुर्बीण पुरते.

खेळाची वाट

ज्याला हा खेळ गंभीरपणे करायचा आहे त्यानं सुरुवात मान्यताप्राप्त क्लबपासून करावी. मुंबईत वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशन ही जुनी संस्था आहे. बंदुकीचा परवाना शस्त्र कायद्याप्रमाणे घ्यावा लागतो आणि बृहन्मुंबईत तो पोलीस आयुक्तालयाकडून मिळतो. राष्ट्रीय स्पर्धेकडे जाणाऱ्या वाटेवर मावळंकर स्पर्धा लागते. ती लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांच्या नावानं आहे. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडियाचे ते पहिले अध्यक्ष होते. एका मराठी माणसानं ज्या संघटनेची घडी बसवली, तिच्या शॉटगन विभागात महाराष्ट्राची नावं अजून थोडी आहेत. मुंबईपासून काही तासांच्या अंतरावर, वस्तीपासून दूर, शिसं गोळा करून पुन्हा वापरण्याची सोय असलेली चांगली क्ले रेंज झाली, तर हे चित्र बदलेल. क्रीडा खात्यानं आणि नेमबाजांच्या संस्थांनी ही मागणी लावून धरायला हवी.

तोवर शिकणाऱ्यानं एक शिस्त पाळावी. तबकडी सुटून गेली की दैवाला किंवा वाऱ्याला दोष देण्याआधी स्वतःला चार प्रश्न विचारावेत, आणि तेही याच क्रमानं. नजर शेवटपर्यंत तबकडीवर होती का? गाल दस्त्यावर होता का? वळण कंबरेतून आलं का? चाप ओढल्यावर नळी पुढे गेली का? चारांपैकी एकाचं उत्तर जवळजवळ नेहमीच "नाही" असतं आणि पुढच्या तबकडीला तेवढंच दुरुस्त करायचं असतं. या चार गोष्टी एकाच वेळी नीट झाल्या की ते दोन मीटर मोजावे लागत नाहीत.